काट्यावर

रात्री दहापासून उपाशी.
उजवा हात गरम पेटीत,
भाकरी फुगायला ठेवावी तसा.
डाव्या हातात दोन नळ्या:
एकीतून इन्सुलिन, संथ, न थांबता,
दुसरीतून साखरेचं पाणी, लागेल तेवढं.
दर पाच मिनिटांनी इशबेल रक्त घेते
आणि आकडा मोठ्याने वाचते,
बसमध्ये पुढचा थांबा सांगावा तशी.

खाली टे नदी. डंडीतला फेब्रुवारी.
पूल अर्धाच दिसतो,
उरलेला आहे असं मानायचं.

इथला नियम उलटा आहे.
आयुष्यभर ऐकलं, साखर कमी करा बाई;
इथे जो जास्त साखर रिचवेल तो पास.
पलीकडच्या पलंगावरचा पोस्टमन
शिरेतून गटागटा पितो आहे,
पिशवीवर पिशवी बदलतात त्याची.
माझा पंप मात्र तासभर कुरकुरतोय
एकाच आकड्यावर.

माझे वडील साखर कारखान्याच्या काट्यावर होते.
हंगामात फाटकाबाहेर कोसभर बैलगाड्या,
उसाला आंबूस वास सुटलेला,
बैल उभ्या उभ्या झोपलेले.
आत का घेत नाहीत, मी विचारायची.
गव्हाण भरली आहे.
का भरली?
बॉयलर मंद आहे.
का मंद?
मग ते चष्मा पुसायला घेत.

डॉक्टर अडेओला कागदावर तीन नावं लिहिते:
ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन.
प्रत्येकापुढे एक फांदी काढते, झाडासारखी.
डाळीतून येतात, दुधातून, मटणातून.
स्नायूंनी जाळायचे, तर तुमचे स्नायू रेंगाळतात;
रक्तात रांग लागते.
काही जणांत तर साखर चढायच्या
कितीतरी वर्षं आधीपासून.

म्हणजे रांगेमुळे कारखाना बिघडला
की कारखाना बिघडला म्हणून रांग?
ती हसली. म्हणाली,
त्यावरच तर माझा पगार चालतो.

आणि हे ग्लायसीन, सगळ्यांत छोटं,
तुमच्यात कमी पडलंय.
बाकीच्यांचा कचरा बाहेर नेता नेता
संपलं असावं. असावं, हं, नक्की नाही.
मी मान हलवली.
मला घरातली अशी माणसं माहीत आहेत.

घरी ओट्यावर ओजसचा काळा डबा आहे,
त्यावर सोनेरी अक्षरांत हीच तीन नावं.
वजनं उचलून आला की
चमचाभर पूड पाण्यात खळखळवतो.
त्याला पुरत नाही, मला उरतं,
एकाच नळाचं पाणी पिऊन.
मी मागे एकदा डबा हुंगून पाहिला होता.
व्हॅनिला, आणि त्याच्या मागे कडू.

शरीराला जे स्वतः घडवता येत नाही,
बाहेरूनच आणावं लागतं,
त्याला इथे अत्यावश्यक म्हणतात.
ही नऊ जणांची यादी आहे.
सव्वीस वर्षांत माझी यादी
याहून लांब झाली होती,
मग हळूहळू मीच तिच्यावर काट मारत गेले.
कुळीथ राहिला. आणि भांडायला मराठी.

तीन वाजता नळ्या काढल्या.
टोस्ट, मुरंबा, चहा; खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत.
छान केलंत, इशबेल म्हणाली,
यात छान करण्यासारखं काय होतं कोण जाणे.
तुझ्या तोंडात साखर पडो, मी म्हटलं,
आणि मग अर्थ सांगावा लागला.
तोंडात? ती म्हणाली. शिरेत नको?

बस आली होती. मी ती जाऊ दिली.
उताराने चालत निघाले, मांड्या आखडलेल्या,
पायांनी जमेल तेवढं जाळत.

वडील प्रत्येक गाडी दोनदा तोलायचे,
एकदा भरलेली, एकदा रिकामी.
रिकामीचं वजन कशाला?
त्याशिवाय आत किती होतं, कळणार कसं, म्हणायचे,
आणि पावती फाडायचे.

खिशात माझी पावती आहे.
अजून वाचलेली नाही.
पुलाचा पलीकडचा भाग
आता जरासा दिसतोय.